शिबिराचा रोजमेळ



दिवाळी सरली, दुकानांतील नव्या वह्यांची पहिली पाने भरू लागली, आणि त्याच सुमारास शाळांतून सहली व शिबिरांची पत्रके घरोघरी येऊ लागली. आमच्याही घरी असे एक पत्रक आले. माझी कन्या यवतमाळातच असते. जावयांची डाळमिल लोहारा एमआयडीसीत आहे आणि नातू लोहाऱ्यातीलच एका शाळेत सहावीत शिकतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दोन रात्री व तीन दिवसांचे निवासी शिबिर ठरले असून, पांढरकवड्याच्या बाजूस टिपेश्वर अभयारण्याच्या बाहेर मुक्कामाची सोय केलेली आहे. बँकेतून निवृत्त झालेला मनुष्य रिकामाच असतो, या सार्वत्रिक समजुतीस अनुसरून शाळेने हिशेब व कागदपत्रांचे काम माझ्याकडे सोपविले. मीही ते आनंदाने स्वीकारले.

पत्रकासोबत आरोग्यविषयक माहितीचा एक तक्ता होता. दमा, आकडी, मधुमेह, अ‍ॅलर्जी, झोपेत चालणे, अंथरूण ओले होणे, नियमित औषधे, असे प्रश्न आणि समोर ‘होय’ किंवा ‘नाही’. भरून आलेले चाळीस तक्ते मी एका संध्याकाळी तपासावयास घेतले. अडतीस तक्त्यांत सर्व रकान्यांसमोर ‘नाही’ असे लिहिलेले होते. उरलेल्या दोहोंपैकी एकात धुळीची अ‍ॅलर्जी होती व दुसऱ्यात चष्म्याचा नंबर.

तीस वर्षांहून अधिक काळ कर्जाचे अर्ज तपासण्यात गेलेल्या माणसाला एवढी निर्दोष माहिती पाहून समाधान होत नाही, उलट शंका येते. ज्या अर्जदाराचे सर्व काही उत्तम आहे, त्याच्या अर्जात काहीतरी लिहावयाचे राहिले आहे, असे आम्ही मानत असू. परंतु त्या संध्याकाळी मला जी अस्वस्थता वाटली, तिचे कारण बँकेतील अनुभव हे नव्हते. असा एक तक्ता अनेक वर्षांपूर्वी मी स्वतः भरला होता. त्याची हकीकत आज प्रथमच लिहीत आहे, आणि कन्येच्या संमतीने लिहीत आहे.

एका ‘नाही’ची किंमत

सन १९९६. माझी बदली वऱ्हाडातील एका तालुक्याच्या गावी झाली होती. कन्या दहा वर्षांची होती. तिला त्याच्या आदल्या वर्षी दोनदा आकडी आली होती आणि नागपूरच्या डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ गोळ्या सुरू केल्या होत्या. ही गोष्ट घराबाहेर कोणासही ठाऊक नव्हती. मुलीची जात, पुढे तिचे लग्न व्हावयाचे, समाज लहान, एका गावात उच्चारलेला शब्द चार गावांत पोहोचतो. हे सर्व युक्तिवाद मला त्या वेळी अगदी रास्त वाटत होते. शाळेने तीन दिवसांचे शिबिर ठरविले. मुलीला जाण्याची फार हौस. पत्रकात आजाराचा रकाना होता. मी त्यात ‘नाही’ असे लिहिले, सुवाच्य अक्षरात सही केली आणि गोळ्यांची पट्टी तिच्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवून तिला बजावले, “कुणाला दिसू न देता घ्यायची बरं का.”

दहा वर्षांच्या मुलीने वीस मैत्रिणींच्या खोलीत कोणाला न दिसता गोळी कशी घ्यावी, याचा विचार मी केला नाही. तिने पहिल्या रात्री गोळी घेतली नाही, दुसऱ्या दिवशीही घेतली नाही. रात्री उशिरापर्यंत गाणी व गप्पा झाल्या, झोप अपुरी झाली. दुसऱ्या रात्रीनंतरच्या पहाटे तिला आकडी आली. सोबतच्या शिक्षिका तरुण होत्या. आजाराची कल्पना नसल्याने त्या घाबरल्या. कोणी वहाण हुंगविली, कोणी दातखीळ उघडण्यासाठी चमचा आणला. त्या धडपडीत मुलीचा पुढचा एक दात तुटला आणि त्या बाईंच्या बोटालाही जखम झाली.

मुलगी सुखरूप घरी आली. परंतु गावात बोभाटा झाला तो बाईंच्या हलगर्जीपणाचा. संस्थेने त्यांच्याकडून लेखी खुलासा मागविला. सत्य काय ते मला ठाऊक होते आणि मी चार दिवस गप्प राहिलो. पाचव्या दिवशी त्या बाई स्वतः आमच्या घरी मुलीची विचारपूस करावयास आल्या. बोटाला पट्टी होती. निघताना त्या एवढेच म्हणाल्या, “साहेब, तुम्ही नुसतं सांगितलं असतं, तर मी तिला माझ्याजवळ झोपवलं असतं.” त्यांच्या स्वरात राग नव्हता. दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापकांकडे जाऊन चूक माझी असल्याचे लिहून दिले. खुलासा निकाली निघाला. परंतु त्या चार दिवसांची नोंद माझ्या खात्यातून कधीच वजा झालेली नाही.

पुढे नियमित औषधांनी कन्येचा आजार आटोक्यात आला आणि काही वर्षांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्याही बंद झाल्या. लग्नाच्या वेळी सर्व कागद समोर ठेवूनच बोलणी केली. एक स्थळ त्यामुळे परत गेले, दुसऱ्याने ते कागद शांतपणे वाचून होकार दिला. तेच आमचे आजचे व्याही.

सांगण्याचा परिणाम

नातवाच्या शाळेत पालकसभा झाली, तेव्हा हिशेबाच्या आधी मी ही हकीकत सांगितली. कन्या सभेत बसलेली होती. सभा संपताना मी सुचविले की, ज्यांना तक्ता पुन्हा भरावयाचा असेल त्यांनी तो बंद पाकिटात घालून थेट वर्गशिक्षिकांकडे द्यावा. तो त्या, शिबिरप्रमुख आणि सोबत येणाऱ्या परिचारिका यांच्याखेरीज कोणीही उघडणार नाही. शिबिर संपताच पालकांना परत मिळेल. मीसुद्धा तो पाहणार नाही.

तीन दिवसांत अकरा पाकिटे आली. त्यांत काय होते ते मला ठाऊक नाही, ते ठाऊक नसावे हेच योग्य. मात्र एका कापड व्यापारी पालकांनी मला स्वतःहून सांगितले की, त्यांच्या मुलाला रोज इन्सुलिनची इंजेक्शने लागतात, आणि ते कळू नये म्हणून त्यांनी ‘मामाकडे लग्न आहे’ असे सांगून त्याला शिबिराला न पाठविण्याचे ठरविले होते. आता तो जाणार आहे.

प्रत्येक पालकाने व शिक्षकाने थोडे वैद्यकीय ज्ञान जवळ बाळगावे, म्हणून इथे लिहून ठेवतो. आकडी आल्यास मुलाला कुशीवर वळवावे, गळ्याभोवतीचे कपडे सैल करावेत, डोक्याखाली मऊ काही ठेवावे आणि घड्याळ पाहावे. तोंडात काहीही घालू नये. कांदा, वहाण हुंगवू नये. हातपाय दाबून धरू नयेत. पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. दम्याच्या मुलाचा पंप बसच्या टपावरील बॅगेत न ठेवता त्याच्या खिशात असावा. इन्सुलिन घेणाऱ्या मुलाच्या खिशात ग्लुकोज किंवा साखर असावी, आणि त्याच्या जोडीदाराला व शिक्षकांना ते ठाऊक असावे. साप चावल्यास दोरी आवळणे, चिरा देणे, मांत्रिक गाठणे यांत वेळ न घालविता चावलेला भाग हलू न देता मुलाला तडक सरकारी रुग्णालयात न्यावे.

पाहणी, परवानगी आणि पाणी

शिबिराची तयारी किमान सहा आठवडे आधी सुरू व्हावी. पहिले काम म्हणजे जागेची पाहणी. तारण पाहिल्याशिवाय कर्ज मंजूर करू नये हा जसा आमचा नियम, तसाच जागा पाहिल्याशिवाय शिबिर ठरवू नये हा शाळेचा असावा. आमच्या शिबिरप्रमुखांनी व एका शिक्षिकेने एक दिवस जाऊन मुक्काम पाहिला. संडास किती, त्यांना आतून कड्या आहेत का, पिण्याचे पाणी कोठून येते, रात्री दिवे किती, भोवती कुंपण आहे का, मोबाईलला रेंज कोठे मिळते, जवळचे रुग्णालय कोठे व तिथे रात्री डॉक्टर असतात का, या सर्वांची त्यांनी लेखी नोंद आणली. मुले जमिनीवर झोपणार नाहीत, खाटा व मच्छरदाण्या मिळतील, याचीही खात्री केली. जंगलालगतच्या मुक्कामी हे आवश्यकच आहे.

पाण्याविषयी अधिक लिहिणे भाग आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्यातील एका महाविद्यालयाच्या सहलीतील १४ विद्यार्थी बुडाले. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीच्या मुलांची नाव उलटून १२ विद्यार्थी व २ शिक्षिका दगावल्या. नावेत क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती आणि बहुतेकांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती. दोन्ही ठिकाणी सहल आनंदासाठीच निघाली होती. नदी, तलाव, समुद्र कार्यक्रमात नसतील तर वाटेत ‘सहज पाच मिनिटे’ म्हणूनही तिकडे वळू नये. कार्यक्रमपत्रिकेत नसलेली गोष्ट करावयाची नाही, हा नियम मुलांपेक्षा मोठ्यांनाच अधिक सांगावा लागतो.

शिक्षण विभागाची परवानगी, पालकांचे लेखी संमतिपत्र, वाहनाची कागदपत्रे, मुलींसोबत पुरेशा शिक्षिका, हे तर हवेच. एसटी महामंडळ शालेय सहलींना भाड्यात ५० टक्के सवलत देते; खासगी वाहनाचा मोह होण्यापूर्वी आगारात चौकशी करावी. रात्री प्रवास ठेवू नये.

हिशेब कशाने भागावा

आता माझ्या हक्काच्या विषयाकडे वळतो. वर्गणी ठरविताना बहुतेक शाळा एक साधी चूक करतात. आकडे केवळ उदाहरणादाखल देतो. समजा, बस १८,००० रुपये, मुक्काम ९,०००, भोजन १७,०००, साहित्य व औषधे २,०००, एकूण ४६,०००. त्यावर अडचणीसाठी राखीव ४,४०० धरल्यास ५०,४०० रुपये झाले. मुले ४० आणि मोठी माणसे ५, म्हणजे एकंदर ४५. पुष्कळदा एकूण रक्कम ४५ ने भागतात आणि वर्गणी १,१२० रुपये ठरते. परंतु शिक्षक व परिचारिका वर्गणी देत नाहीत, म्हणून भागाकार ४० ने हवा. वर्गणी १,२६० होते. आणि चार मुलांना पैसे देणे शक्य नसेल तर भाजक ३६ राहतो व वर्गणी १,४०० वर जाते. देणारे किती, यानेच भागावे. जेवणारे किती, याने नव्हे. हा हिशेब आधी न केल्यास तूट शेवटी शिक्षकांच्या खिशातून भरली जाते, किंवा ती चार मुले घरी राहतात.

यासंबंधी एक जुना दाखला आहे. स्काउट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर पहिले प्रायोगिक शिबिर भरविले. मुले होती वीस-एकवीस. त्यांत श्रीमंत शाळांतील मुले होती आणि कष्टकरी घरांतीलही. श्रीमंत घरच्या मुलांकडून एक पौंड घेतला, इतरांकडून साडेतीन शिलिंग. त्या वेळी एका पौंडाचे वीस शिलिंग होत, म्हणजे दुसरी वर्गणी पहिलीच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. आणि मुलांच्या चार तुकड्या केल्या त्या दोन्ही प्रकारची मुले मिसळून. शिबिराला एकूण ५५ पौंडांहून थोडा अधिक खर्च आला, वर्गणी व देणग्या जमा करूनही सुमारे २४ पौंडांची तूट राहिली आणि ती एका मित्राने भरून काढली. जगभर पसरलेल्या एका चळवळीचा आरंभ तुटीच्या ताळेबंदाने झाला, हे बँकेच्या माणसाला विशेष वाटते.

लोहाऱ्यात मिलमालकांची मुले आणि मिलमध्ये पोती उचलणाऱ्यांची मुले एकाच वर्गात बसतात. चार मुलांची वर्गणी पालकांपैकी काहींनी भरली. कोणाची, ते त्या मुलांना सांगितलेले नाही, आणि देणाऱ्यांनाही नावे कळविलेली नाहीत. आपल्या समाजात दानाची परंपरा मोठी आहे. गुप्त दानाची त्याहून मोठी. शिबिर संपल्यावर आठ दिवसांत जमाखर्च पावत्यांसह फलकावर लावावयाचा आणि शिल्लक राहिल्यास परत करावयाची, असेही ठरले आहे.

एकच पातेले

भोजनाचा प्रश्न आपल्या घरांत नेहमी निघतो. मुले कांदा-बटाटा खाणार नाहीत, सूर्यास्तानंतर जेवणार नाहीत, मग कसे? काही पालकांनी जैन मुलांसाठी वेगळा आचारी व वेगळी पंगत सुचविली. मला ते रुचले नाही. शिबिरप्रमुखांशी बोललो, तेव्हा मार्ग सोपा निघाला. मुगाची खिचडी, कढी, वरण-भात, दुधी-चणाडाळ, ज्वारीची भाकर, सकाळी कांदा-बटाटा न घातलेले पोहे. असे पदार्थ सर्वांसाठीच केले की दुसऱ्या पातेल्याची गरज उरत नाही. डिसेंबरात आपल्याकडे पावणेसहाच्या आधीच सूर्य मावळतो. मुलांना जंगलालगत अंधाराआधी आत घ्यावयाचेच असते, म्हणून सर्वांचे जेवण पाच वाजता ठेवले. पाणी उकळून व गाळून द्यावे, ही सूचना तर परिचारिकेनेच आधी केली.

मात्र पालकांनीही दोन गोष्टी पाळाव्यात. खाकरे, शेव व लाडवांचे डबे महिनाभर पुरतील इतके देऊ नयेत. चार मुलांनी कोपऱ्यात डबा उघडला की तुकडी फुटते. आणि मधुमेह किंवा इतर कारणाने ज्या मुलाला रात्री काही खाणे आवश्यक असेल, त्याचा निर्णय डॉक्टरांना विचारून घरीच करावा व लेखी कळवावा. नियम आणि प्रकृती यांचा तोल सांभाळण्याचा भार शिक्षिकेच्या माथी मारू नये.

मुलांची मोजणी

शेवटी मोजणी. दुकानात संध्याकाळी रोजमेळ घातल्याशिवाय आपण शटर ओढत नाही. बँकेत एक रुपयाचा फरक असला तरी तो सापडेपर्यंत कोणी घरी जात नसे, आणि तिजोरी दोन अधिकाऱ्यांच्या दोन किल्ल्यांशिवाय उघडत नसे. मुलांची मोजणी याच रीतीने व्हावी. दहा-दहा मुलांच्या चार तुकड्या, प्रत्येक मुलाला एक जोडीदार. बसमध्ये चढताना, उतरताना, प्रत्येक जेवणाला, प्रत्येक फेरीच्या आधी व नंतर, झोपताना आणि उठल्यावर मोजणी करावी. ती दोन व्यक्तींनी स्वतंत्रपणे करून वहीत वेळेसह लिहावी व दोघांनी सह्या कराव्यात. ‘सगळे आले ना रे?’ असे विचारून ‘हो’ ऐकणे याला मोजणी म्हणत नाहीत.

मुलांना आम्ही टिपेश्वरच्या त्या वाघाची गोष्ट सांगितली, ज्याला पुढे ‘वॉकर’ हे नाव मिळाले. तो २०१९ मध्ये हे जंगल सोडून निघाला आणि शेते, रस्ते, नद्या ओलांडीत हजार किलोमीटरहून अधिक फिरून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होता, म्हणून वनविभागाला त्याचा माग ठेवता आला. नातवाने लगेच विचारले, “आजोबा, तक्त्यातली माहिती म्हणजे आमचा कॉलर का?” मी म्हटले, तसेच समज.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा मुले परत आलेली असतील. बॅगा भरून ठेवल्या आहेत. यादीप्रमाणे दोन स्वेटर, कानटोपी, विजेरी, पांघरूण. मुलींच्या सामानात सॅनिटरी नॅपकिन. मोबाईल, दागिने व शंभर रुपयांहून अधिक रोकड नको. नातवाला तसा काही आजार नाही. तरीही तक्ता भरताना कन्या एका रकान्यापाशी थांबली. तो अजून कधीमधी झोपेत दचकून उठतो व रडतो. “बाबा, हे लिहू का? मुलं हसतील त्याला,” ती म्हणाली. मी काही बोललो नाही. तिने क्षणभर विचार केला, लिहिले, आणि पाकीट बंद केले.

आपल्या घरी असा तक्ता आला असेल, तर तो आज रात्री घरातील दोघांनी मिळून भरावा. ‘नाही’ लिहिण्यापूर्वी क्षणभर थांबावे, एवढीच विनंती.